शिरवणे, उंची पाच हजार मीटर

सोमवार, ४ मे

नवीन नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क डोंगरावर जाऊन आले. तेही करावे गावातून रिक्षाने, अर्ध्या तासात.

शिरवण्याच्या कारखान्यांमध्ये एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आशुतोष सरांचं सेंटर आहे. लेह-लडाखला किंवा एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला निघालेले लोक आधी इथे येऊन विरळ हवेची सवय करतात. काचेच्या दाराची बंद खोली, आत चार आरामखुर्च्या. मशीन खोलीतला ऑक्सिजन कमी करतं. तीन हजार मीटर लावलं की तीन हजारांवरची हवा, पाच लावलं की पाचवरची. माणसं दोन तास बसतात, मी बाहेरून लक्ष ठेवते. प्रत्येकाच्या बोटाला चिमटा, आणि रक्तात ऑक्सिजन किती टक्के तो आकडा माझ्यासमोरच्या स्क्रीनवर. इथे खाली आपला अठ्ठ्याण्णव असतो, आत गेलं की उतरत जातो. किती उतरला, डोकं दुखतं का, मळमळतं का, हे रजिस्टरमध्ये लिहायचं. शेवटी जमिनीवरच्या पिवळ्या रेषेवरून पावलाला पाऊल लावून चालायला सांगायचं. तोल गेला तर लगेच बाहेर काढायचं.

आठ वर्षं आयसीयू केल्यावर हे म्हणजे पिकनिकच. आईला समजावलं तर ती म्हणाली, "डोंगरान जायाचा त डोंगरान जावा, हितं खोलीन कनाला कोंडून घेतान?" तिच्या म्हणण्यात दम आहे, पण मला इथली खुर्ची, पंखा आणि दिवसपाळी आवडली.

मशीन पंढरीदादा चालवतात. शिरवणे गावातलेच, साठीला आलेले, कमी बोलणारे.

मंगळवार, ५ मे

आज चार जणांची बॅच. त्यांत सीवूड्सच्या चारुलताकाकू आहेत, शाळेतून रिटायर झालेल्या. सोळा तारखेला मैत्रिणींबरोबर विमानाने लेहला जायचंय. त्यांनी थर्मल, टोपी, गॉगल सगळं मला फोटोत दाखवलं. मी माझं भाषण दिलं: पोचल्यावर दोन दिवस नुसता आराम, भरपूर पाणी, दारू नाही, आणि रोज झोपायची जागा एकदम वर न्यायची नाही. डोकं दुखलं तर वर जायचं नाही. वाढलं तर खाली उतरायचं. औषधं आहेत, सिलिंडर आहे, पण खरा उपाय एकच, खाली उतरणं.

काकू म्हणाल्या, मी तुला वर्गात पहिल्या बाकावर बसवलं असतं.

पण साडेतीन हजारांवर त्यांचा आकडा चौऱ्याहत्तर. बाकी तिघांचे अठ्ठ्याऐंशीच्या पुढे. रेषेवर दोनदा भिंत धरली त्यांनी. मी तसंच लिहिलं आणि शेजारी 'डॉक्टरांना दाखवावे' अशी नोंद केली.

शुक्रवार, ८ मे

आज एक विचित्र गोष्ट. आत चार माणसं, स्क्रीनवर पाच आकडे. पाचव्या ओळीला नाव नाही. एकाहत्तर. मग अडुसष्ट. चिमटे मोजले, चारच. मी पंढरीदादांना हाक मारली. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही.

"पाचवा आकडा आला तं लिवायचा नाय," एवढंच म्हणाले.

का, ते सांगेनात. मी लिहिला. आयसीयूत शिकलेय, स्क्रीनवर दिसलं ते कागदावर आलं पाहिजे. मशीनचा दोष असेल तर तोही कळेल.

सोमवार, ११ मे

पाचवी ओळ आज सकाळीच आली, खोली रिकामी असताना. चौसष्ट. काचेला कान लावला. आतून खोकला. ओला खोकला, छातीत पाणी भरल्यावर येतो तसा. मी तो शेकडो वेळा ऐकलाय, माझी चूक होणार नाही.

दार उघडलं. कोणी नाही. कोपऱ्यात, जिथे खुर्चीच नाही तिथे, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर काचेला आतून फेस लागलेला. गुलाबी. बोट लावून पाहिलं. ओला आणि बर्फासारखा गार.

घाबरले, हे लिहून ठेवते. पण दार मी सावकाश लावलं. पळाले नाही.

संध्याकाळी पंढरीदादांना चहाच्या टपरीवर गाठलं आणि सांगून टाकलं, तुम्ही बोलेपर्यंत मी हलत नाही. तेव्हा बोलले.

दोन वर्षांपूर्वी सानपाड्याचा प्रसाद म्हणून एक जण यायचा. चौतीस वर्षांचा, बायको, लहान मुलगी. शेवटच्या दिवशी त्याचा आकडा एकाहत्तर होता आणि तो म्हणत होता, बसल्या बसल्यासुद्धा दम लागतोय. सरांनी सांगितलं, या खोलीत सगळ्यांनाच लागतो. फिट म्हणून सर्टिफिकेट दिलं. तो विमानाने गेला, दुसऱ्याच दिवशी ग्रुपबरोबर गाडीने वरच्या खिंडीत. तिथे खोकायला लागला, खाली न्या म्हणाला. ग्रुप म्हणाला, तुझ्याकडे सर्टिफिकेट आहे, काही होत नाही. गाडी परत वळवली तेव्हा उशीर झाला होता.

"वरच ऱ्हायला त्यो," पंढरीदादा म्हणाले. तेव्हापासून पाचवी ओळ येते. आधीच्या दोन नर्स आठवड्याच्या आत नोकरी सोडून गेल्या.

मी जाणार नाही, असं सांगितलं त्यांना.

मंगळवार, १२ मे

दोन वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं. प्रसादचं पान सापडलं. एकाहत्तरावर खाडाखोड करून एक्याऐंशी केलंय. वेगळी शाई. मी फोटो काढला.

सरांच्या केबिनमध्ये गेले. ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, पाचवी ओळ म्हणजे सेन्सरचा घोळ, प्रसादचं म्हणजे दुर्दैव. मग त्यांनी चारुलताकाकूंचं सर्टिफिकेट माझ्यापुढे केलं. त्यावर शहाऐंशी छापलेलं. खाली माझी सही हवी होती.

मी म्हटलं, "चौऱ्याहत्तर आहे, सर."

ते म्हणाले, टेन्शन घेऊ नकोस, एका बाईने काय फरक पडतो. मी पेन टेबलावर ठेवलं. ते म्हणाले, मग उद्यापासून येऊ नकोस. मी म्हटलं, येणार.

बाहेर आले तर पाचव्या ओळीत एकसष्ट.

बुधवार, १३ मे

काकूंना फोन केला. सर्टिफिकेट काल रात्रीच त्यांच्या मोबाइलवर पोचलंय. त्यावर माझी सही आहे. माझी नाही, माझ्यासारखी.

त्या चिडल्या. म्हणाल्या, मैत्रिणी सगळ्या जाणार आणि मीच म्हातारी ठरणार का? तडक त्यांच्या घरी गेले. पायपुसण्यावर उभी राहून प्रसादच्या पानाचा फोटो दाखवला. त्याची मुलगी केवढी होती तेही सांगितलं. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग विचारलं, "तो एकटा होता का गं, वर?"

मी म्हटलं, ग्रुप होता. ऐकणारं कोणी नव्हतं.

त्यांनी माझ्यासमोर तिकीट रद्द केलं. उद्या हृदयाच्या डॉक्टरांकडे. जाताना डब्यात थालीपीठ दिलं.

एक माणूस वाचला. आता दुसरा.

गुरुवार, १४ मे

सरांनी गेटवर सांगून ठेवलंय, मला आत सोडायचं नाही. पंढरीदादांनी मागच्या जिन्याने आत घेतलं. मशीन बंद. वायर काढलेली, मी स्वतः पाहिली. तरी खोलीबाहेरच्या स्क्रीनवर उंचीचा आकडा चढत होता. चार हजार. साडेचार.

पाचवी ओळ अठ्ठावन्न.

काचेच्या आत कोपऱ्यात कोणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं. चेहरा नाही दिसला. ओठ दिसले. जांभळे.

भीती वाटली. खूप. घरी आले, आईच्या शेजारी बसून मासळी साफ केली, तोवर बोटांत जीव आला.

दोन वर्षं सगळे त्याच्यापासून पळतायत. तो मागत काय होता? खाली न्या. एवढंच. आजवर कोणी नेलं नाही.

मला तेच येतं. उद्या जाणार.

शुक्रवार, १५ मे, दुपारी दोन

वही बरोबर घेतलीय. आकडे लिहिणार, पेशंटचे लिहितात तसे.

सर जेवायला गेलेत. पंढरीदादा खाली जिन्याशी थांबलेत. वर यायला तयार नाहीत. मी बळजबरी नाही केली.

उंची पाच हजार. त्याचा आकडा चोपन्न. माझ्या बोटालाही चिमटा लावला, स्वतःवरच आकडा दाखवणारा. सत्त्याण्णव. जाते.

दोन वाजून दहा

आत. माझा ब्याऐंशी. डोकं ठणकतंय. अक्षर नीट येत नाही.

तो आहे. खोकतोय. मी नाव घेतलं— प्रसाद. मी जागृती, नर्स. तुम्हाला खाली नेणार आहे. मान हलली—

हात धरला. गार. त्याने सोडवला नाही.

दार उघडत नव्हतं. लाथ घातली. मी मरायला नाही आले, म्हटलं— उघडलं.

दोन वीस. दुसरा मजला

खांद्यावर वजन. खांदा ओला. वळून बघत नाही.

माझा एकाहत्तर. खोलीबाहेर आलो तरी उतरतोय. का—

पायऱ्यांवर तोल जातोय. रेलिंग. एक पाऊल, एक पाऊल. त्याला तेच सांगते.

पहिला मजला

त्याचा खोकला कमी. खरंच कमी.

माझा बासष्ट. मला आता खोकला—

सोडायचा नाही. सोडणार नाही.

खाली

पोचलो. जिना संपला. पंढरीदादा विचारतायत एकटीच का आलीस. दिसत नाही त्यांना. मी पायरीवर बसून लिहितेय, तो उभा आहे. श्वास घेतोय. पहिल्यांदा नीट—

माझा चोपन्न.

प्रसाद, हे शिरवणे आहे. समुद्राच्या पातळीला आलो आपण. इथून खाली काही नाही. थांबा आता.

थांबत नाही. उतरतोय. जमिनीत पायरी नाही तरी त्याचे पाय— गुडघ्यापर्यंत—

हात घट्ट धरलाय त्याने. मीही. वर ओढतेय. मी म्हटलं, आता मी खाली येणार नाही, तुम्हीच वर या, मी सोडणार ना—