दगड ठेवायचे राहिले

ती. नुन्झियाताईस धाकट्या ओरेस्तेचा नमस्कार.

तुझा गुडघा आणि भाऊजी (दोघांपैकी जास्त कोण कुरकुरते ते कळव) बरे असतील. आई ठणठणीत आहे, पलीकडच्या खोलीत घेवडा निवडत बसली आहे. माझेही, अक्कल सोडली तर, बाकी सगळे जागेवर आहे.

यंदा डुक्कर कापल्यावर आईने सोप्रेसाता करायचे काम पहिल्यांदाच माझ्या हाती सोपवले. एकसष्ट वर्षे मी याची वाट पाहिली. आजवर माझी मजल आतडी धुण्यापुढे गेली नव्हती. तिचे हात थरथरतात म्हणून का होईना, मला फार भरून आले. मांस चिरले, मीठ-मिरची लावली, आतड्यांत भरले, सगळे बिनचूक. आता फक्त पाटाखाली ठेवून वर दगड रचायचे. तेवढ्यात मदतीला आलेल्या जेझुआल्दो खाटकाने विचारले, मास्तर, हिला सोप्रेसाता का म्हणतात हो? (बिचाऱ्याने हात पुसता पुसता सहज विचारले.) निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारलेच नव्हते. मी लॅटिनपासून सुरुवात केली, टस्कनीत याच नावाने काय भलतेच खातात तिकडे फिरून आलो आणि दीड तासाने सिद्ध केले की शब्दाचा अर्थ ‘दाबलेली’. जेझुआल्दो मध्येच केव्हातरी घरी गेला होता. मीही समाधानाने जेवायला गेलो. दगड दाराशी तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी दगड विसरूनच सगळ्या टांगल्याही. चार दिवसांनी वर पाहिले तर तीसच्या तीस माझ्या पोटासारख्या गरगरीत. आता वाळत आल्यावर दाबून उपयोग नाही म्हणे. ईस्टरला पहिली आई स्वतः कापणार. तिचे डोळे अधू झालेत, पण बोटांना सगळे कळते. तिने एकदाच विश्वास टाकला आणि मी त्याचे हे केले. खरेच लाज वाटते, ताई.

तुझा,
ओरेस्ते

ता. क. खरे काम असे : तुझ्याकडच्या सहा चपट्या सोप्रेसाता कापडात गुंडाळून शनिवारच्या बसने पाठव. आईला कळता कामा नये.

ता. क. २. पाठवू नकोस. लिहिताना मोठ्याने बोलायची माझी मास्तरी सवय गेलेली नाही. आई निवडलेल्या घेवड्याचे ताट घेऊन दारात उभी आहे. म्हणाली, “तिला लिही, तुझ्या नकोत, खारट असतात. टांगल्या त्याच दिवशी मी हात लावून पाहिलं होतं. गोल तर गोल.” मी पेन खाली ठेवले. मग जाता जाता म्हणाली, “पुढच्या वर्षीही तूच कर. फक्त आधी दगड ठेव, मग बोल.”