टाकीवरचा वीजबहाद्दर

लातूर
९ जानेवारी २०२६

ती. महानंदाआत्यास,
भाची पुनमचा शि. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मोबाईल कायम सत्यमदादाच्या खिशात, म्हणून मुद्दाम पत्र लिहिते. शिवाय विषयच असा आहे की तुझ्या लेकाच्या कानावर जायला नको.

आमच्या कॉलेजात शनिवारी जुने सिनेमे दाखवतो. या वेळी मुलांनी ‘वीजबहाद्दर’ लावला. पंच्याऐंशी सालचा, तुझ्या माहेरी मुदखेडला शूटिंग झालेला तोच. आत्या, हसून हसून पोट दुखलं! हीरोच्या छातीवर पत्र्याची वीज, खलनायकाच्या डोक्यावर चक्क कुकरचं झाकण, आणि जमिनीवर असताना हीरोला मिशी, हवेत गेला की मिशी गायब! लहानपणी हाच सिनेमा मी टीव्हीसमोर श्वास रोखून पाहिला होता. आता मात्र रागही आला. हिरॉइनला पाच वेळा बांधून ठेवतात, आणि दर वेळी तिला सोडवून हीरो ऐकवतो की बायकांनी हातात बांगड्या भराव्यात, जग वाचवायचं काम मर्दाचं.

मग शेवटची उडी आली, पाण्याच्या टाकीवरून. उडताना हीरोचा हातमोजा वर सरकला आणि मी सिनेमा थांबवला. मनगटाच्या आतल्या बाजूला गोंदलेलं तुळशीवृंदावन, त्याचा एक कोपरा अर्धवट राहिलेला. तो हात उशाला घेऊन मी कितीतरी दुपारी झोपलेय.

आत्या, उडालं कोण? पुढच्या महिन्यात नांदेडला या सिनेमाचा खेळ आहे आणि हीरो आनंदराज यांचा सत्कार. पत्रिकेत छापलंय की सगळ्या उड्या त्यांनी स्वतः मारल्या. खरं काय ते मला कळव.

माया आहेच, ती उत्तरातही दिसू दे.
तुझी पुनम


हदगाव
१५ जानेवारी २०२६

चि. पुनमला आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. आधी डोळे तपासून घे. तसलं गोंदन काय एकट्या माझ्याच हातावर हाय? मुदखेडच्या निम्म्या बायांनी एकीकडूनच गोंदून घेतलंय. शिकून-सवरून मास्तरीण झालीस आन् सिनेमे थांबवून लोकांचे हात बघत बसतीस! लग्नाचं काढलं की मात्र तुला येळ नसतो.

आमची तूर निघाली, बरी झाली. सत्यमच्या दुकानात पाइपाला लई गिऱ्हाईक हाय. नात अक्षरा दिवसभर डोकं खाऊन राहिली. ती तुझ्यावरच गेली.

सत्यमपुढं ह्यातलं काही काढू नको. चारचौघांत आईचं नाव निघालेलं त्याला खपत न्हाई.

येत जा, लिहीत जा.
तुझी आत्या

ता. क. ती टाकीवरची उडी शेवटपर्यंत दाखवतात का? पार खाली येईस्तोवर? कापली तर न्हाई ना?


लातूर
२२ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
पुनमचा शि. सा. न. वि. वि.

सापडलीस! उडी तुझी नसेल, तर ती कापली की नाही याची चौकशी तुला कशाला?

रविवारी नांदेडला जाऊन आले. सिनेमाचा पोशाख शिवणारे मोहियोद्दीनचाचा टेलर अजून तिथेच राहतात. ऐंशी वय झालं, पण सुईत दोरा स्वतः ओवतात. त्यांनी चहा पाजला, खारी खाऊ घातली, आणि तोंड काही उघडलं नाही. तुझ्या आबांना शब्द दिलाय म्हणाले. मी निघताना मात्र हळूच विचारलं की थंडीत महानंदाचा डावा खांदा अजून दुखतो का.

उडी कापलेली नाही. पार खाली येईपर्यंत आहे. आमची मुलं तिथेही हसली, आणि खरं सांगते, मीसुद्धा हसले होते.

खेळ सात फेब्रुवारीला आहे. त्या दिवशी माझी बारावीच्या प्रॅक्टिकलची ड्युटी आहे, ती टळत नाही. तुझ्या वतीने मी आयोजकांना लिहू का? तू हो म्हणशील तरच लिहीन.

रागावलीस तरी अंतर देऊ नकोस.
तुझी पुनम


हदगाव
२८ जानेवारी २०२६

चि. पुनमला आशीर्वाद.

हसली? त्या उडीला हसली? मिशीला हसा, कुकरच्या झाकनाला हसा, मीबी हसले होते. पन त्या उडीला हसायचं काम न्हाई. चाळीस फूट टाकी, कमरेला एक दोर, तो धरायला चार हमाल आन् खाली कडब्याच्या पेंढ्या. जाळीबिळी काही नव्हती.

आनंदराज पहिल्याच दिवशी टाकीवर चढला आन् वरूनच ओकला. आबा तवा शूटिंगवाल्यांचा सैपाक करायचे. मी सतरा वर्षांची, तिथंच चिंचेच्या शेंड्यावर बसून चिंचा पाडून राहिले होते. डायरेक्टरनं बघितलं आन् आबांच्या मागंच लागला. आबा एका अटीवर कबूल झाले, पोरीचं नाव कुठंच निघायचं न्हाई. मोहियोद्दीनभाईनं मान खाली घालून माप घेतलं आन् पोशाख माझ्या अंगाबरोबर करून दिला. त्या मिशीनं मला शिंका यायच्या, म्हनून हवेत मिशी न्हाई. झालं समाधान?

शेवटच्या उडीला दोर लांब पडला, माझा खांदा निखळला. गावात सांगितलं, पोरगी झाडावरून पडली. दोन महिन्यांनी लग्न लागलं. पुढं मालकांनीच मला हौसेनं नांदेडच्या थेटरात नेऊन हा सिनेमा दाखवला. लोक शिट्ट्या मारून राहिले होते. मालक म्हनले, बघ, मर्द असावा तर असा. मी हाव म्हनले. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांना सांगायचं राहून गेलं गं, ते मला रोज टोचतंय.

आता आबा न्हाईत, मालक न्हाईत. मी कुनासाठी गप बसू? तू कुनाला लिहू नको. ज्याला चढता आलं न्हाई, त्यानं माझ्या उड्यांची शाल घ्यायची, हे मी बसून बघनार न्हाई. येस्टीनं एकटी जाईन. सत्यमला सगळं सांगितलं. तो ताटावरून उठला; म्हनला, तू तिथं उभी राहिलीस तर मला दुकानात तोंड दाखवता येनार न्हाई. मी म्हनलं, मग त्या दिवशी दुकान बंद ठेव.

जीव लावतीस तसाच लाव.
तुझी आत्या


हदगाव
८ फेब्रुवारी २०२६

चि. पुनमला आत्याचे भरभरून आशीर्वाद.

जाऊन आले बाई! हॉल खच्चून भरला होता. पोरं हसून लोळून राहिली होती. सिनेमा संपला, आनंदराजच्या खांद्यावर शाल आली. मग त्यानं माइकवर सांगितलं की आजच्या नटांना कॉम्प्युटर लागतो, त्यानं मात्र जीव पणाला लावला. तिथं माझे पाय थांबले न्हाईत. गुडघे कुरकुरले, पन चढले स्टेजवर.

माइक हातात घेतला. मी म्हनलं, उड्या मी मारल्या. लोकांना वाटलं, म्हातारी सरकली. एकजन मोठ्यानं हसला. मग मी आनंदराजलाच विचारलं, तुम्ही मारल्या असतील तर कमरेचा दोर कोन धरून होतं, एकाचं तरी नाव सांगा. त्यानं शाल काढून खुर्चीवर ठेवली. म्हनला, ह्या बाई खरं बोलतात, मी एकबी उडी बघितली न्हाई, जीपमधी डोळे मिटून बसायचो. मग त्यानं मला नाव विचारलं. चाळीस वर्षं झाली, पन त्या पोरीचं नाव त्याला कधी कुनी सांगितलंच नव्हतं. मी माइकवर माझं सगळं नाव सांगितलं, माहेरचं आन् सासरचं. त्यांनी टाकीवरची उडी परत लावली. ह्या खेपेला कुनी हसलं न्हाई.

दाराशी सत्यम उभा होता. कधी आला, मला कळलंच न्हाई. गाडीवर बसवलं, अर्धापूरपर्यंत आणलं. तिथं चहाला थांबला. डोळे लाल झाले होते. लेकरासारखं विचारलं, आई, तुला लई भ्या वाटायचं का? रडायचीस का?

पुनम, हे मी तुलाबी लिहिलं नव्हतं. रडायचे, रोज रडायचे. कमरेचा दोर सोडवताना सगळे समजूत काढायचे, भिऊ नको पोरी, झालं, उतरलीस. कुनालाच कळलं न्हाई. मी भ्यायले म्हनून रडत नव्हते गं. मला खाली उतरवलं म्हनून रडत होते.

उन्हाळ्यात ये, आन् माझ्यावरची माया हाय तशी राहू दे.
तुझी आत्या, महानंदा