हयात असल्यास सही करणे

थाटीपूर, ग्वाल्हेर

तीर्थस्वरूप केदारदादास,

भालचंद्राचा साष्टांग नमस्कार. इकडचं सगळं ठीक, तिकडचं कळव, असं लिहायची आपल्या घरात रीत आहे. पण या खेपेला तुझी प्रकृती मी रीत म्हणून विचारत नाही. कोर्ट, लीजचं ऑफिस आणि आपले वकील दिग्विजयसिंह, या तिघांनाही तू हयात आहेस की नाही हे लेखी हवं आहे. तेव्हा प्रकृती बरी नसली तरी चालेल, फक्त असावी.

आमचं म्हणशील तर आईचे गुडघे कामातून गेले, मंजिरीला (तुझ्या भावजयीला) पित्ताचा त्रास आहे, आणि मी रिटायर होऊन घरात सगळ्यांच्या पायांत येतो. आपलं घर उभं आहे, पण अण्णांनी ते बांधलं ती जमीन आपली नाही, हे तुला आठवत असेल. (मला आठवत नव्हतं.) जमीन सरकारची, आपण नुसते पट्टेदार; पट्ट्याला इथे सगळे लीज म्हणतात. अण्णा गेल्यावर तो आईच्या सांगण्यावरून तुझ्या-माझ्या नावावर चढला, आणि पाठोपाठ तू नर्मदा परिक्रमेला म्हणून निघालास. परिक्रमेत माणूस फिरून निघाल्या जागी येतो असं ऐकून होतो. आता लीजची मुदत संपली आहे आणि मार्चअखेर ती वाढवून घेतली नाही तर शासन जागेचा ताबा परत घेईल, अशी नोटीस आली आहे.

मी ऑफिसात गेलो. बाबूंना विचारलं, भिंती कोणाच्या? म्हणाले, तुमच्या. जमीन? शासनाची. म्हणजे ताबा घ्यायला आले तर भिंती आपण बरोबर नेऊ शकतो. (आईला हे बोललो नाही, ती विटा मोजायला बसली असती.) जमीन कायमची आपल्या मालकीची, म्हणजे फ्रीहोल्ड, करून घेऊ का विचारलं, तर म्हणाले अवश्य, आधी लीज वाढवा. विकून टाकू का, तर आधी लीज वाढवा. मागे पत्र्याची शेड घातली आहे तिचं काय, तर तो शर्तभंग, त्याचा दंड भरा आणि मग लीज वाढवा. तुळशीवृंदावन पक्कं बांधकाम धरायचं की नाही ते साहेबांना विचारून सांगणार आहेत. आणि लीज वाढवायला काय लागतं, तर दोन्ही पट्टेदारांच्या सह्या. एक पट्टेदार समोर उभा होता. दुसऱ्यासाठी मी वकील गाठला.

दिग्विजयसिंह वकील माणूस सज्जन आहे, वाईट बातमीसुद्धा चहा पाजून देतो. म्हणाले, ‘‘भालचंद्रजी, या तो बड़े भाईसाहब को ले आइए, या उनके न होने का हुक्म ले आइए.’’ सात वर्षं ज्याची काही खबर नाही त्याला गेलेला धरायची कायद्यात सोय आहे, आणि तुझी सात वर्षं केव्हाच उलटली. मी दावा दाखल केला. आईला सांगितलं, लीजचं काम आहे. (खोटं नव्हतं.)

मग कोर्टाच्या हुकमाने पेपरात जाहीर सूचना आली, की केदार विनायक पोतनीस यांची कोणास माहिती असल्यास कळवावी, अन्यथा त्यांना मृत मानण्यात येईल. आपली लष्कर भागातली मराठी मंडळी पेपर कसा वाचतात तुला ठाऊक आहे. नाव वाचलं, ‘मृत’ वाचलं, मधलं सोडून दिलं. दुपारच्या आत आईच्या भजनी मंडळातल्या विजयाबाई दाल बाजारातून पातेलंभर पिठलं-भात घेऊन दारात हजर, कारण सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. त्यांच्या मागे आणखी पाच-सहा जणी. आत आमच्या कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. (मंजिरीने तो लगेच बंद केला, आलेल्या माणसांना अवघडल्यासारखं व्हायला नको.) मृत आणि मृत मानलेला यातला फरक मी दारात उभा राहून समजावत होतो आणि त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

तेवढ्यात आई बाहेर आली. तिने पातेल्याकडे बघितलं आणि लीजचं काम म्हणजे काय काम ते तिला कळलं. सगळ्यांना बसवून चहा पाजला. संध्याकाळी ते पातेलं घासून घेतलं, त्यात केशर-बेदाणे घातलेला शिरा भरला आणि मलाच विजयाबाईंकडे पोचवायला लावला. पिठल्याच्या पातेल्यातून शिरा परत आला, याचा अर्थ विजयाबाईंना सांगावा लागला नाही. त्यांनी पातेलं घेतलं आणि मला बस म्हणायलाही विसरल्या. मला फार वाईट वाटलं, दादा. तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतं बोलते.

पुढे आईची साक्ष झाली. तिने एवढंच सांगायचं होतं, की मुलाची काही खबर नाही. वकिलांनी तिला तसं चांगलं समजावलं होतं आणि तिने मानही डोलावली होती. जजसाहेबांनी अदबीने विचारलं, तर म्हणाली, ‘‘खबर कशी नाही? हर दिवाली को फ़ोन आता है उसका. पूछता है, आई, घुटना कैसा है.’’ घरात फोन एकच वाजतो आणि तो माझ्या खिशात असतो. जजसाहेबांनी पत्ता विचारला. मला वाटलं, आता अडकली. पण आईने न थांबता सांगितलं: महेश्वर, घाटाच्या वर, पिंपळाजवळची धर्मशाळा. कारकुनाने लिहून घेतलं. वकील कपाळ धरून बसले. परतताना ऑटोत मी चिडून म्हणालो, घर जाईल अशाने. तर आई म्हणाली, ‘‘जाऊ दे. केदार गेला असं कागदावर आलं, तर त्या घरात मी एक दिवस राहणार नाही.’’

त्याच पत्त्यावर हे पत्र पाठवत आहे. वडिलकीच्या नात्याने धाकट्याची चूकभूल पोटात घाल.

तुझा,
भालचंद्र

ता. क. आई बाहेरच्या खोलीतून विचारते आहे, वेळेवर जेवतो का हे विचारलंस का? विचारतो. वेळेवर जेवतोस का?

ता. क. २. खरं काय ते लिहितो. महेश्वरला मी फोन करून चौकशी केली. घाटाच्या वर पिंपळ आहे, धर्मशाळा नाही. वकील खूश आहेत. पोचपावतीसकट स्पीड पोस्टाने पत्र टाका म्हणाले. ‘इस पते पर नहीं मिला’ असा शेरा घेऊन ते परत आलं की पाकीट कोर्टात लावू, आईची साक्ष खोटी ठरेल, मार्चच्या आत हुकूम मिळेल आणि घर राहील. म्हणजे हे पत्र परत येण्यासाठी लिहायचं होतं. दोन ओळींत काम भागेल असंही ते म्हणाले होते. लीजवर सही करायला तू ये असं माझं म्हणणं नाही. पोस्टमनच्या कागदावर तेवढी कर.

ता. क. ३. हे तुझ्यासाठी नाही. भाई साहब, आप जो भी हों, यह चिट्ठी खोल ली है तो कोई बात नहीं. बस लौटाइए मत. पावती पर केदार पोतनीस लिख दीजिए. लिखाई बिगड़ी हुई हो तो और अच्छा, उसकी ऐसी ही है.