बुनाईचे सर

इंदूर, २२ नोव्हेंबर ९३, सोम.
आज शाळेचा पहिला दिवस. म्हणजे माझा. वय बावन्न.
शेजारच्या दुबे भियांनी चिठ्ठी आणून दिली होती, परदेशीपुऱ्यातल्या मुलींच्या शाळेची. 'बुनाई सिखाने हेतु मिल के अनुभवी व्यक्ति की आवश्यकता.' अनुभवी तर मी आहेच. सत्तावीस वर्षं साळखात्यात, म्हणजे मागांवर, त्यातली अकरा जॉबर, मागांचा मुकादम. चोवीस माग माझ्या हाताखाली. कुठला माग बिघडतोय ते आवाजावरून सांगायचो. म्हटलं, शाळेनं एखादा हातमाग घेतला असेल. धुतलेला शर्ट घातला, खिशात कात्री ठेवली.
गेलो तर बडी बहनजींच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या (पुढे ब.ब.) टेबलावर लोकरीचे गोळे. लाल, पिवळे, एक गुलाबी. म्हणाल्या, "मास्टरजी, टोपी-मफलर सिखा दीजिए. सर्दी आ रही है."
विणणं. कापड पण विणतात, टोपी पण विणतात. हिंदीत पण तेच रडगाणं. ज्यानं दोन्हीला एकच शब्द ठेवला त्याला मनात चार शिव्या हासडल्या. तोंडानं बोललो, "जी, हो जाएगा."
का बोललो? कारण 'नाही' म्हटलं असतं तर साडेअकराला परत घरी, ओट्यावर. मिल बंद पडल्यापासून दीड वर्षं बसलोय. आता त्या ओट्याकडे बघवत नाही.

२३ नोव्हें.
सौ.ला सांगितलं, शाळेत बुनाई शिकवतो. "छान," म्हणाली. जास्त विचारलं नाही, मी पण सांगितलं नाही.
सलाया, म्हणजे विणायच्या सुया, चालणार नाहीत म्हणे. मागच्या वर्षी एका मुलीचा डोळा थोडक्यात वाचला. ब.ब.नी विचारलं, "कुछ फ्रेम जैसा बन सकता है?" बनू शकतं. सफरचंदाच्या खोक्याच्या पट्ट्या, बिनटोपीचे खिळे, दोन खिळ्यांत एक बोट अंतर. दिवसभरात सहा चौकटी केल्या. काम बरं झालंय. हात विसरलेले नाहीत.

२५ नोव्हें., गुरु.
पाचवीचा वर्ग, एकतीस मुली.
चौकटीवर उभा ताणा घातला, आडवा बाणा भरला, एक वर एक खाली. मुली भराभर शिकल्या. तासाभरात वीतभर पट्टी तयार. घट्ट, सरळ, काठ एकदम सुतात. पुष्पा नावाची एक आहे, तिचे वडील आमच्याच मिलचे, आता टेंपो चालवतात. तिनं पट्टी डोक्यावर ठेवली, गळ्याला लावली, मग जमिनीवर टाकून तिच्यावर पाय पुसले.
"सर, ये तो पायदान है."
सगळा वर्ग खो खो. मी हसलो नाही. पोरीचं बरोबर होतं. टोपी ताणली गेली पाहिजे, नाहीतर डोक्यात जाणार कशी? आमच्याकडे कापड ताणलं गेलं की ताग्याला दोष लागायचा. इथं ताणलं गेलं नाही तर दोष.

२६ नोव्हें.
पिशवी सौ.नं उपसली. पट्टी बघून, "हे काय?"
सांगावं लागलं सगळं. आधी पदर तोंडाला लावून हसली, पुष्कळ हसली. मग म्हणाली, "अहो, लोकरीला ताणा कशाला घातलात? तिला फंदे लागतात."
अशी चौकट तिनं जन्मात पाहिली नव्हती. पाच मिनिटं उलटसुलट करून पाहिली, आणि सुरू. प्रत्येक खिळ्याला लोकरीचा एक वेढा. पुन्हा दुसरा वेढा, त्याच्या वर. मग खालचा वेढा उचलून खिळ्याच्या डोक्यावरून मागे टाकायचा. एवढंच. उचलायला तिनं केसातला आकडा घेतला. मी करून पाहिलं तर खालचा उचलताच येईना.
"आवळू नका हो इतकं. लोकर आहे, पळून जात नाही."
सायकलचे जुने स्पोक वाकवून एकतीस आकडे केले, चौकटी पण एकतीस पुऱ्या केल्या. हे मात्र मला तिच्यापेक्षा चांगलं जमलं.

२९ नोव्हें., सोम.
लिहायची सवय मिलची आहे, रोज पाळी संपली की रजिस्टर भरायचो. तसंच इथं. चालू म्हणजे जिचं काम पुढं सरकतंय ती. बंद म्हणजे जिचा गुंता झालाय आणि डोळ्यांत पाणी आलंय ती.
हजर ३१. चालू ९. बंद २२.

६ डिसें.
हजर ३०. चालू १७. बंद १३.
पद्धत बसली. दुपारी जेवणं आटोपली की सौ. शिकवते, दुसऱ्या दिवशी ते मी वर्गात सांगतो. ती एक धडा पुढं, मी मध्ये, मुली मागे. सगळ्यांना गोल चौकट पण केली. तिच्यातून नळीसारखं खाली उतरतं, त्याचीच टोपी होते. हे पण सौ.चंच डोकं.
आज सहज विचारलं, हल्ली तुझं स्वतःचं विणकाम दिसत नाही. म्हणाली, "कोण देतंय विणायला? लुधियान्याचे तयार स्वेटर ठेल्यावर ढिगानं मिळतात. तीन वर्षं झाली."
तीन वर्षं. अर्ध्या गल्लीची पोरं हिच्या स्वेटरवर वाढली. मला पत्ता नाही. मिल बंद झाली तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. तिचं बंद झालं तेव्हा ती बहुतेक पोळ्या करत होती.

१४ डिसें., मंगळ.
शाळेतून येताना मिलच्या मागच्या बाजूनं आलो. साळखात्यात माग फोडतायत. घणानं. भंगारवाल्याचा ट्रक लागला होता. गेटवरचा चौकीदार ओळखीचा, म्हणाला, "भिया, अंदर मत जाओ, देखने लायक नहीं है." गेलो नाही. वाईट वाटलं. लिहून ठेवतो, वाईट वाटलं.
हजर २९. चालू २१. बंद ८.

२२ डिसें., बुध.
चालू २६. पहिली टोपी जवळजवळ पूर्ण, पुष्पाचीच. तिनं विचारलं, "सर, ऊपर से बंद कैसे करें?" मला कुठं येतंय? सौ.नं अजून ते सांगितलंच नव्हतं.
"कल बताऊँगा."
"सर हर बात पे कल बोलते हैं. घर से पूछ के आते हैं क्या?"
वर्ग हसला. मी डस्टर आपटून गप्प केलं. घरी येऊन सौ.ला गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही.
"मग सांगायचं होतं ना, कोणाला विचारून येतो ते."
मी म्हटलं, "तसं नाही गं." तिनं सगळे फंदे एका धाग्यात ओवून, आवळून, टोपी कशी मिटायची ते दाखवलं. नुसतं हातानं.

५ जाने. ९४, बुध.
खोकला होता. ताप नव्हता, पण आहे म्हणालो. म्हटलं, आज तू जा माझ्या जागी. ती नको नको म्हणत होती, आणि बोलता बोलता साडी बदलत होती.
अर्ध्या तासानं तिच्या मागून गेलो. वऱ्हांड्याच्या खिडकीशी उभा राहिलो. मी वर्गात फेऱ्या मारतो, मागांच्या मधून मारायचो तशा. ही खाली सतरंजीवर बसली होती, मुली सगळ्या बाजूंनी. एकीचा गुंता मांडीवर घेऊन सोडवत होती, दुसरीशी बोलत होती. तिचं हिंदी माझ्यापेक्षा कच्चं. "ऐसा नहीं गं, लोकर को थोडा सैल छोडो." मुलींना सगळं समजत होतं.
मोजलं. हजर ३१. चालू ३१.
आणि ती हसत होती. घरी हसते त्यापेक्षा मोठ्यानं.
कोणाला न दिसता परत आलो. अंगावर पांघरूण घेऊन पडलो.

६ जाने.
गेलो. दारातच पुष्पा, "आंटीजी नहीं आईं?"
"नहीं."
"कल आएँगी?"
पोरगी जॉबर होईल पुढं. नको तिथं बरोबर बोट ठेवते.

१४ जाने., शुक्र.
संक्रांत. शाळेत तिळगूळ आणि प्रदर्शन. एकतीस टोप्या दोरीवर टांगल्या. पालक आले होते, आमच्या मिलचे सहा-सातजण पण. ब.ब.नी माइकवर सांगितलं, "मास्टरजी ने मिल का हुनर हमारी बच्चियों के हाथ में दिया." झेंडूचा हार. टाळ्या. मिलचा एकजण उठून माझ्या गळ्यातच पडला, रडायला लागला.
सौ. मागच्या रांगेत बायकांत बसली होती. तिनं पण टाळ्या वाजवल्या.
माइक माझ्या हातात दिला होता. एक वाक्य तर बोलायचं होतं. "धन्यवाद" म्हणून बसलो.
घरी आल्यावर चहा टाकला तिनं. कप पुढं ठेवून म्हणाली, "हार छान होता."
लाज वाटली. अशी लाज मिलमध्ये कधी वाटली नव्हती, दोष असलेला तागा साहेबापुढं उलगडला तरी.

१९ जाने., बुध.
ब.ब.नी फॉर्म दिला. पुढच्या सत्रापासून रोजचे तास, अकरा ते चार, नेमणूक कायम. "मास्टरजी, आप भर दीजिए, बाकी मैं देख लूँगी." मी म्हटलं, दोन नावं चालतील का. त्या म्हणाल्या, जागा एक आहे, नाव एक.
तरी सांगितलं त्यांना. सगळं. पायदानापासून. ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "तो जिसका नाम लिखना हो, लिखिए. सोमवार तक."
मुलाला पीथमपूरला फोन लावला, कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून. फॅक्टरीत डबल ड्युटी चालू आहे त्याची. म्हणाला, "बाबा, यात विचारायचं काय आहे?" कोणाच्या बाजूनं म्हणाला ते कळलं नाही, फोन कट झाला.

२२ जाने., शनि.
सकाळी बसलो आणि भरला. आवेदक का नाम: सौ. सुमन. हात थांबला नाही. अनुभवाच्या रकान्याशी थांबलो.
तिला हाक मारली. कणकेचे हात पुसत आली. नाव वाचलं. परत वाचलं. पाटावर बसली.
"अनुभव किती लिहू?"
"मोजला नाही कधी."
"लग्नाआधीपासून विणतेस. तीस वर्षं लिहितो."
"लिहा."
लिहिलं. सहीसाठी पेन पुढं केलं. तिनं घेतलं नाही. डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचा.
"मी गेले, तर अकरा ते चार तुम्ही काय कराल?"
"बाजार करीन."
"त्याला अर्धा तास लागतो."
"वाचनालयात जाईन. पेपर."
"आणि मग?"
मी पेन फॉर्मवर ठेवलं. तिनं परत विचारलं, पहिल्यापेक्षा हळू. "आणि मग?"
कणीक वाळत होती म्हणून उठली. फॉर्म माझ्यापुढं आहे. सही झालेली नाही. सोमवारी द्यायचा आहे.