निर्नफा प्रेम आणि तुमचं शिलाई मशीन

आदरणीय खालाजान,

सलाम. लेकीकडे करमतंय ना? गुडघे जिना चढू देतात का? इकडे सगळे खुशाल आहेत (सगळ्यांत मला धरू नका).

आपल्या गल्लीची बिनव्याजी पतसंस्था नोंदवायचं मी अंगावर घेतलं, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, सुखाचा जीव दुःखात घालतोयस. तसंच झालं. निबंधकांच्या अर्जात 'व्याजदर' नावाचा रकाना आहे. रिकामा सोडला तर अर्ज अपुरा, आणि शून्य लिहिलं तर साहेब म्हणतात, शून्य हा काही दर नव्हे. (साहेब माणूस वाईट नाही, कायदा लिहिताना आपली आठवण कुणाला झाली नाही, एवढंच.) मग वकिलांनी तोड काढली: कर्ज देऊ नका, वस्तू विकत घ्या आणि ठरलेला नफा धरून हप्त्याने विका. मी हुरळून जाऊन संगणकावर नियमावलीतलं प्रत्येक 'व्याज' एका फटक्यात 'नफा' करून टाकलं. पहिल्याच पानावर 'सभासदांविषयी निर्व्याज प्रेम' होतं, त्याचं 'निर्नफा प्रेम' झालं. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. अख्खी कचेरी हसली, शिपाई तर टेबल धरून.

सोबत आणलेले आपल्या मशिदीचे मौलाना मात्र हसले नाहीत. म्हणाले, "अरे, नुसतं नाव बदलून भागत नाही. वस्तू आधी संस्थेच्या मालकीची हवी, मग विक्री." साहेबांनाही ते पटलं! त्या दोघांचं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि तेही माझ्याच मुळावर. गुरुवारपर्यंत एक खरी वस्तू दाखवा, नाहीतर फाइल बंद, असं ठरलं. खालच्या मजल्यावरची शिवणवाली पहिलं गिऱ्हाईक म्हणून नाव देऊन बसली आहे. दोन वर्षं भाड्याच्या मशीनवर शिवतेय बिचारी. जिन्यात भेटली की काही विचारत नाही, नुसती बघते. मला ते बघवत नाही.

तुमचा लाडका भाचा

ता.क. : तुमचं शिलाई मशीन संस्थेला द्याल का? माझे शाळेचे सगळे सदरे त्यावरच शिवलेत तुम्ही.

ता.क. दुसरा : तुमच्या घरून मशीन बुधवारीच कचेरीत नेलं. साहेबांनी पाहिलं, शिक्का मारला (एक चुकून झाकणावरही बसला). पण मौलाना म्हणतात, मालकिणीच्या राजीखुशीशिवाय सौदा रद्द. सोबतच्या कागदावर सही करा. नाही केलीत, तर मशीन, शिवणवाली आणि मी, तिघंही तुमच्या दारात.

ता.क. तिसरा : 'निर्नफा' खोडून पुन्हा 'निर्व्याज' केलंय. साहेबांनी अर्थ विचारला, तेव्हा मी तुमचं उदाहरण दिलं. सहीच्या जागी पेन्सिलने फुली केली आहे.