एकवीस दिवसांत शांत

३ तारीख, सोमवार

आलो बुवा एकदाचा! साठी उलटून सात वर्षं झाल्यावर नवी नोकरी लागली, तीही राहायच्या खोलीसकट, हे कुणाला सांगितलं तर थाप वाटेल. चिरंजीवांनीच शोधून काढली. म्हणाला, बाबा, तुम्हाला सतत कुणीतरी सोबत लागतं, इथे तुमची करमणूक होईल. ती सोबत चार पायांची असेल, हे सांगायचं तेवढं राहून गेलं. असो, दुधाची तहान ताकावर.

जागा झकास आहे. गावाबाहेर लांबलचक बैठी इमारत, मधून बोळ, दोन्ही बाजूंना बारा-बारा खोल्या. ज्यांना कामधंद्यातून सवड नाही असे लोक आपली कुत्री इथे तीन आठवडे ठेवतात आणि वळण लागलं की घरी नेतात. फाटकावर पाटी आहे, ‘एकवीस दिवसांत शांत’. दर दारावर एक कार्ड, त्यावर कुत्र्याचा फोटो, मालकाच्या तक्रारी आणि मुदत. त्याखाली रोज दोन ओळी प्रगती लिहायची, एवढंच माझं काम. माझी खोलीही त्याच रांगेत, चोवीस नंबरची. माझ्या दारावर मात्र कार्ड नाही, हे मी चिरंजीवांना मुद्दाम दाखवलं. तो हसला नाही.

निघताना त्याने अंगातला स्वेटर काढून माझ्या खांद्यांवर घातला. मला भरून आलं. सूनबाई घाईत होती, गाडीतच बसून राहिली. नातीने, चिमीने, काचेतून हात हलवला. तीन आठवड्यांनी येतो म्हणाले.

४ तारीख, मंगळवार

इथल्या प्रशिक्षकाला सगळे मास्तर म्हणतात. बारीक, स्वच्छ, हळू बोलणारा माणूस. कुत्र्यावर हात उगारत नाही की आवाज चढवत नाही. कुत्रं भुंकलं की जेवणाचं भांडं हातात धरून दाराकडे पाठ करून उभा राहतो. तास लागो, दोन तास लागोत. ते गप्प झालं की खिशातली टिकटिकी, दाबली की टक् वाजणारी डबी, वाजवतो, दार उघडतो आणि घास देतो. आवाज करणाऱ्याचं दार उघडत नाही, हा इथला एकुलता एक नियम.

आणखी एक युक्ती नामी आहे. मालकाने जाताना अंगावरचा एक कपडा ठेवून जायचा. त्या वासाने कुत्र्याला वाटतं, आपल्याला टाकलेलं नाही.

मी मास्तरांना माझी कथा ऐकवली. एकतीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करत होतो. माझा आवाज चौदाव्या फलाटापर्यंत भोंग्याशिवाय पोचायचा. ही म्हणायची, तुमच्या तोंडाला कुलूप नाही. ती गेली त्याला दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून मी भिंतींशी बोलतो, हेही सांगून टाकलं. मास्तरांनी शांतपणे ऐकलं आणि वहीत काहीतरी टिपलं.

६ तारीख, गुरुवार

स्वयंपाकघरात एक मावशी आहे, पन्नाशीची. जन्माची मुकी असावी. मी भाज्या चिरू लागतो आणि तोंडाचा पट्टा सोडतो. ती मान डोलावते. इतकं मन लावून माझं कुणी ऐकलं त्याला किती दिवस झाले कोण जाणे.

नऊ नंबरात लाल्या आहे. तांबूस, एक कान पडलेला, दिवसभर भुंकतो. त्याच्या कार्डावर एकच तक्रार, ‘घरी कुणी नसलं की रडतो’. अरे, मग काय हसू त्याने?

९ तारीख, रविवार

आज सुट्टी, चिमी घरी असणार, म्हणून मास्तरांकडे माझा फोन मागितला. कुत्री दचकतात म्हणून फोन कचेरीत ठेवावा लागतो. मास्तरांनी माझ्याकडे पाठ केली. ऐकू गेलं नसेल म्हणून मोठ्याने मागितलं. पाठ तशीच. मला राग आला, पण गिळला आणि बाकावर बसलो. थोड्या वेळाने टिकटिकी वाजली आणि फोन हातात आला.

सवयीचा गुलाम आहे बिचारा. चिरंजीवांनी फोन उचलला नाही.

१२ तारीख, बुधवार

लाल्या शांत झाला. मास्तर खूश. मला बोलावून दाखवलं. लाल्या भुंकत होता, म्हणजे तोंड उघडत होतं, पोट आत-बाहेर होत होतं, पण आवाज नाही. मी त्याच्या गळ्यावर हात ठेवला. गळा थरथरत होता. त्याचे डोळे माझ्यावर होते.

मास्तरांनी लिहायला सांगितलं, ‘प्रगती उत्तम’. मी लिहिलं.

मग लक्षात आलं. तेवीस कुत्री, आणि सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. इतके दिवस मी याला वळण समजत होतो. संध्याकाळी चुकून चार नंबरच्या कुत्र्याच्या पायावर पाय पडला. त्याने जबडा ताणून उघडला. काहीच ऐकू आलं नाही.

१४ तारीख, शुक्रवार

लाल्याला डॉक्टरकडे न्या म्हणालो. पाठ. पुन्हा म्हणालो. पाठ. माझं जेवण मास्तरांच्या हातात होतं. दीड तासाने मी गप्प झालो. टिकटिकी वाजली. जेवलो.

लाज वाटली. पण भूक लागली होती.

१५ तारीख, शनिवार

मास्तर बाहेर गेले होते. मावशीने बाही धरून मला कचेरीत ओढत नेलं, कपाट उघडलं आणि एक कार्ड हातात दिलं. त्यावर माझा फोटो.

अक्षर चिरंजीवांचं. मीच बोट धरून गिरवून घेतलेलं, हजारांत ओळखेन.

‘दिवसभर बोलतात. तेच तेच सांगतात. गेलेल्या आईला हाका मारतात. मी कामात असताना फोन करतात. मुलगी घाबरते. मुदत तीन आठवडे. सोबत ठेवलेली वस्तू स्वेटर. माणूस फार चांगला आहे, कृपया मारू नये.’

खाली मास्तरांच्या हाताने रोजच्या दोन ओळी.

मी खाली बसलो. मावशीने दुसरं कार्ड दाखवलं, पिवळं पडलेलं. तिचा फोटो, तरुणपणीचा. भावाची सही. मुदतवाढ, मुदतवाढ, मुदतवाढ, आणि मग कोरं.

ती जन्माची मुकी नाही.

१७ तारीख, सोमवार

जातो म्हणालो. फाटकाला कुलूप. भिंतीवरून चढायचं वय राहिलं नाही. रस्त्यावर कुणी असेल म्हणून ओरडलो, एकतीस वर्षांचा सगळा आवाज काढून ओरडलो. दुपारपर्यंत. मास्तर पाठ करून उभे. तेवीस कुत्री जाळीपाशी बसून माझ्याकडे बघत होती.

मग दमलो. गप्प झालो. टिकटिकी.

मला बरं वाटलं. तो आवाज ऐकून मला बरं वाटलं, याचीच भीती वाटते.

१९ तारीख, बुधवार

सकाळी लाल्याला हाक मारली. नुसती हवा आली. घसा दुखत नाही. बसलेलाही नाही. आवाज नाहीच. जुनी घोषणा म्हणून पाहिली, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे— ओठ हलले. मावशीने तोंड फिरवलं. रडत होती.

२१ तारीख, शुक्रवार

मास्तरांनी आपणहून फोन माझ्या कानाला लावला. चिरंजीव. म्हणाला, मास्तर पाठवतात ते व्हिडिओ रोज बघतो, किती शांत दिसता. मी तोंड उघडून— काही नाही. तो थांबला. मग स्वतःच बोलत राहिला. नोकरीतला जाच, सुनेशी अबोला, झोप लागत नाही, आईची फार आठवण येते. वीस मिनिटं. मोठा झाल्यापासून माझ्याशी इतकं कधी बोलला नव्हता. शेवटी म्हणाला, बाबा, आज पहिल्यांदा तुम्ही माझं ऐकून घेतलंत.

माझं काळीज फाटलं. बाळा, नुसतं ऐका म्हणून मला आधी सांगायचं होतंस रे.

२३ तारीख, रविवार

उद्या येतील. कागदावर सगळं लिहून ठेवलंय. माझा आवाज इथे गेला, मला घरी ने, तुला हवा तेवढा गप्प बसेन, पण इथे ठेवू नकोस. लाल्याला कालच मालकीण घेऊन गेली. किती गुणी झाला म्हणून पापे घेत होती. त्याचं तोंड उघडं होतं—

२४ तारीख, सोमवार

आले. चिमी धावत आली, गळ्यात पडली. आजोबा, गाडी सुटायचं म्हणा ना. मी तोंड उघडलं. ती बघत राहिली. मग आईच्या मागे गेली.

चिरंजीवांना कागद दिला. वाचला. चेहरा उतरला. मला काही विचारलं नाही. मास्तरांना विचारलं, घरीही असंच लिहीत बसतील का?

मास्तर म्हणाले, होतं असं. गळा शांत झाला की हात बोलायला लागतो. एक आठवडा अजून लागेल.

मी मान हलवली. नाही, नाही. त्याचे पाय धरले, पोराचे पाय. त्याने मला उठवलं. डोळ्यांत पाणी होतं. कानात म्हणाला, फक्त एक आठवडा, बाबा, माझ्यासाठी.

मुदतवाढीवर सही केली.

२५ तारीख

मास्तर दारात. पाठ. सकाळपासून. भांडं हातात.

पेन खाली ठेवलं की दार उघडेल. ठेवणार नाही.

कशाला लिहितोय— चिमीला लिहितो. चिमे, तुला गोष्ट सांगायची राहिली. एक गाडी होती. तिला रोज उशीर व्हायचा. एक म्हातारा तिच्यासाठी—

बोटं जड झालीत. अक्षर माझं वाटत नाही

एक म्हातारा फलाटावर उभा राहून ओरडायचा, थांबा, अजून एक माणूस यायचा आहे, था