किल्ली येतेय, थांबा!

३ नोव्हेंबर, सोमवार

दुकान आहे की कचेरी! काडतुसांची एक डबी घ्यायला गेलो आणि पाऊण तास काचेच्या कपाटासमोर उभा. कपाटाला कुलूप, शेजारी बटण. दाबलं की अख्ख्या दुकानात भोंगा — "शिकार विभागात ग्राहक खोळंबला आहे!" तीनदा खोळंबलो. पडद्यांच्या रांगेतल्या बायका माना वळवून बघायला लागल्या.

शेवटी काउंटरवरची डोरीन आली, कमरेच्या किल्ल्या खुळखुळवत.

"कुठली देऊ?"

"हरणाची."

"हरणाला चालतील अशा पंचवीस तऱ्हा आहेत. बंदुकीचं माप काय तुमच्या?"

मला माहीतच नाही! एकेचाळीस हंगाम शिकार केली, पण डबी दरवर्षी बायको, लेम्पी, आणायची. म्हटलं, नेहमीचीच द्या. तर म्हणे, "नळीवर लिहिलेलं असतं. वाचून या."

४ नोव्हेंबर

वाचून गेलो. सहा आकडे, चष्मा लावून कागदावर उतरवलेले. डोरीन हसून हसून काउंटरवर आडवी! "अहो लाहती, हा बंदुकीचा अनुक्रमांक! चोरीची तक्रार द्यायला आलात की काय?" मागे शिकारीच्या केशरी टोप्या घातलेले चौघे उभे होते, तेही दात काढायला लागले.

तणतणत घरी आलो आणि खिम्याच्या दोन पेस्ट्या, भट्टीत भाजलेल्या मोठ्या करंज्याच त्या, खाल्ल्या. एप्रिलमध्ये लेम्पी गेल्यापासून दोन कधी खाल्ल्या नव्हत्या.

७ नोव्हेंबर

दिवसभर खिडकीत. लेम्पीची खुर्ची समोर. पंधराला शिकारीचा हंगाम उघडतो — शाळा बंद, सगळा परगणा रानात. डबी मिळाली नाही तर मी इथेच. आणि यंदा रानातल्या खोपटीत गेलो नाही तर पुन्हा कधीच जाणार नाही. मी स्वतःला ओळखतो. भीती वाटते.

८ नोव्हेंबर

बरोबर माप सापडलं! तीनशे सॅव्हेज. छाती काढून सांगितलं. डोरीनने कपाटात पाहिलं न पाहिलंसं केलं. "संपली. गुरुवारी ट्रक येईल."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ट्रक आला. डबी ट्रकमध्ये, ट्रक मागच्या अंगणात, किल्ली डोरीनकडे — आणि डोरीन जेवायला! तासाभराने उगवली आणि म्हणते, "माल उतरवायला वेळ लागेल. उद्या या."

म्हटलं, बाई, मी लेखी तक्रार करीन. "करा की! अर्ज मीच देते." दिलाही! दोन्ही बाजूंनी भरला. वर तिचंच पेन.

येताना लोणी, बटाटे, खिमा घेऊन आलो. पेस्ट्या स्वतः केल्या. कडा करपल्या, पण संपवल्या.

१४ नोव्हेंबर

मिळाली! पण हातात नाही. दुकानाचा नियम — डबी त्यांच्या माणसाने दारापर्यंत न्यायची, तोवर गिऱ्हाइकाने बोट लावायचं नाही. डोरीन पुढे, डबी छातीशी धरून. मी मागे, बाळ घेऊन निघालेल्या बाळंतिणीच्या नवऱ्यासारखा. खेळणी गेली, पडदे गेले, कुत्र्यांचं खाणं गेलं. म्हटलं, "एवढी जपून नेताय, पेढे वाटायचे का?" ती हसली नाही.

दारात डबी हातात दिली आणि काहीतरी सांगितलं. ते आज लिहवत नाही. बंदूक पुसून ठेवली आहे.

१५ नोव्हेंबर, पहाट, खोपटी

डोरीनने दारात सांगितलं ते हे: ट्रकमध्ये डबी नव्हतीच. पहिल्या दिवसापासून काउंटरखाली होती. गेल्या नोव्हेंबरात डोरीन लेम्पीला अशीच दारापर्यंत सोडायला गेली, तेव्हा लेम्पी म्हणाली होती — "पुढच्या वर्षी तो स्वतः येईल. माप माहीत नसेल. एका फेरीत देऊ नकोस. घरात बसला की जेवत नाही. चिडला की जेवतो."

लेम्पीच्या दुखण्याचं डॉक्टरांनी मला नाताळात सांगितलं. तिला स्वतःला नोव्हेंबरातच ठाऊक होतं.

सोमवारी जाऊन तक्रार मागे घ्यायची आहे. तीन पेस्ट्या आणल्या होत्या, लेम्पे. उजाडायच्या आत संपल्या.